मेला, बिघडला, धावतोय

सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतचा एखादा पाथ तुटला की लिनक्सच्या पडद्यावर त्याच्यापुढं तीन शब्द उमटतात: फेल्ड, फॉल्टी, रनिंग. मेला, बिघडला, धावतोय. सरणावर ठेवलेल्या माणसाच्या नावानं मॅरेथॉनची पावती फाडावी, तसं. आणि ही चूक नव्हे बरं का! पहिला शब्द डिव्हाइस मॅपरचा, दुसरा मल्टिपाथच्या तपासनिसाचा, तिसरा कर्नलच्या स्कझी खात्याचा. मयत एक, खाती तीन, दाखले तीन. ज्यानं एकदा तरी तहसील कचेरीत वारसनोंद केली आहे, त्याला यापुढं काही समजावून सांगायची गरज नाही.

ज्यांचं पोट या धंद्यावर नाही, त्यांच्यासाठी चार ओळी. बँकेचा सर्व्हर एका कपाटात, त्याचा डेटा दुसऱ्या कपाटातल्या स्टोरेजमध्ये, मध्ये फायबरची तार. तार एकच असेल आणि तुटली, तर बँक बंद. म्हणून सर्व्हरला दोन कार्डं, मध्ये दोन स्विच, स्टोरेजला दोन कंट्रोलर. एका डिस्ककडं जायला चार वाटा झाल्या. आता भोळ्या सर्व्हरला त्या चार वाटांच्या टोकाला चार वेगळ्या डिस्क दिसतात. ‘बाबा रे, रूपं चार असली तरी वस्तू एकच,’ असा उपदेश त्याला करणारं सॉफ्टवेअर म्हणजे मल्टिपाथ. शंकराचार्यांनंतर अद्वैत इतक्या नेमानं कुणी सांगितलं असेल तर ते यानंच.

पण अद्वैत सिद्ध झालं रे झालं, की लगेच मानपान सुरू होतो. त्याला म्हणतात प्रायॉरिटी.

प्रत्येक डिस्कचा, आमच्या भाषेत लनचा, एक मालक कंट्रोलर असतो. त्याच्याकडून गेलात तर काम थेट. दुसऱ्याकडून गेलात तर तो तुमचा निरोप आतल्या आत मालकाला पोहोचवतो, म्हणजे उगाच वळसा. कुठली वाट थेट आणि कुठली वळशाची, हे स्टोरेजनं स्वतः सांगावं यासाठी ‘अलुआ’ नावाचं प्रमाण आहे. लिनक्सचं मल्टिपाथ त्या उत्तराला गुण देतं. थेट वाटेला ५०, वळशाच्या वाटेला १०, नुसत्या राखीव वाटेला १. इथवर सगळं शहाणपणाचं.

मग येतो ‘प्रिफर्ड’ नावाचा बिट. स्टोरेजच्या कागदावर जो कंट्रोलर मानाचा, त्याच्या वाटेवर हा लागतो. ती वाट त्या क्षणी वळशाची असली, तर हिशोबात ८० गुण वरून मिळतात. दहा अधिक ऐंशी, नव्वद. म्हणजे थेट वाट पन्नासवर बसलेली, आणि वळसा घालणारी मानकरी वाट नव्वद गुण घेऊन पुढं! कारण विचाराल तर तेही आहे: मानकऱ्याच्या दारात गर्दी केली की स्टोरेज ओशाळून मालकी परत त्याच्याकडं देईल, अशी आशा. काही पेट्या देतात. काही ढिम्म हलत नाहीत आणि तुमचा डेटा महिनोन्‌महिने वळसे घालत बसतो. पुण्यात विसर्जनाला मानाचे पाच गणपती पुढं असतात. ते कूर्मगतीनं चालले म्हणून लक्ष्मी रस्त्यावर त्यांना कुणी ओलांडत नाही, आणि ओलांडूही नये, कारण तिथं प्रश्न श्रद्धेचा आहे. डेटाबेसची कसली आली श्रद्धा? त्याला आकडा हवा असतो, तोही मिलिसेकंदात.

बरं, मोठा आकडा म्हणजे मोठा मान, हे तरी सगळीकडं सारखं असावं ना? लिनक्समध्ये मोठा आकडा श्रेष्ठ. आयबीएमच्या एआयएक्समध्ये १ हा सर्वांत श्रेष्ठ, आणि आकडा जितका मोठा तितका पाथ मागच्या बाकावर. एकीकडं गुण, दुसरीकडं क्रमांक. दोन्ही यंत्रणा एकाच हॉलमध्ये, एकाच स्टोरेजला जोडलेल्या, आणि रात्रपाळीला त्या दोन्ही सांभाळणारा पोरगाही एकच. त्यानं कधी उलटसुलट केलं तर त्याच्याकडून ‘मूळ कारणाचा अहवाल’ घेतात. मूळ कारण: मानवी चूक. वा!

प्रायॉरिटीचा हा तमाशा निदान दिसतो तरी. अव्हेलेबिलिटीचा दिसतही नाही.

वाट चालू आहे की नाही, हे मल्टिपाथला कसं कळतं? दर पाच सेकंदांनी, आणि सगळं सुरळीत असेल तर अंतर वाढवत वीस सेकंदांनी, त्याचा तपासनीस प्रत्येक वाटेवरून एक हाक घालतो. हाकेचं नाव ‘टेस्ट युनिट रेडी’. म्हणजे, ‘काय रे, तयार आहेस का?’ डिस्क म्हणते, ‘आहे.’ संपली परीक्षा. डेटाचा एक कणही या संवादात इकडून तिकडं जात नाही. शाळेतली हजेरी आठवा. मास्तर नाव घेणार, पोरगं ‘हजर’ म्हणणार. त्याला सातचा पाढा येतो का, हा प्रश्न हजेरीच्या अखत्यारीत येतच नाही. आणि आम्ही या हजेरीपटाच्या जोरावर पालकांना लेखी देतो की वर्गातला प्रत्येक मुलगा गणितात प्रवीण आहे.

न्यायशास्त्रात धूर पाहून अग्नीचं अनुमान करतात. आमचे अव्हेलेबिलिटी-पंडित धुराडं पाहून स्वयंपाक झाल्याचं प्रमाणपत्र देतात.

आता घडलेली गोष्ट सांगतो. नवी मुंबईतला एक डेटा सेंटर हॉल, एका वित्तसंस्थेचा डेटाबेस, महिन्याची अखेर. नावं घेत नाही. ती माणसं आजही हिरवे अहवाल पाठवत असतील, त्यांच्या आनंदात विघ्न नको. तक्रार अशी की डेटाबेस मध्येच अर्धा मिनिट गोठतो, मग पळतो, मग पुन्हा गोठतो. सगळे हजर: डेटाबेसवाला, सर्व्हरवाला, स्टोरेज कंपनीचा पाठवलेला तरुण. तरुणाचा लॅपटॉप उघडा, चेहरा प्रसन्न. ‘सर, ऑल पाथ्स आर ग्रीन.’ चारही ओळी: ॲक्टिव्ह, रेडी, रनिंग. लग्नपत्रिकेवर चि. सौ. कां. लिहावं तशी प्रत्येकीपुढं तीन-तीन बिरुदं.

हे गोठणं नेमकं अर्ध्या मिनिटाचंच का, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नव्हता. लिनक्समध्ये स्कझी डिस्कला दिलेल्या हुकमाची वाट पाहण्याची ठरलेली मुदत आहे तीस सेकंद. म्हणजे कुठंतरी हुकूम जात होता, उत्तर वाटेत हरवत होतं, आणि कर्नल तीस सेकंद दाराकडं डोळे लावून बसत होतं. मी स्विचवर जाऊन पोर्टांचे आकडे काढले. स्टोरेजच्या एका पोर्टाकडून येणाऱ्या ओळीवर सीआरसीचा, म्हणजे वाटेत फाटलेल्या तुकड्यांचा, आकडा माझ्यादेखत वाढत होता. त्या टोकाचा एसएफपी, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडणारा बोटभर लांबीचा तुकडा, आजारी होता. मेलेला नव्हे, आजारी. छोटी चिठ्ठी तो सुखरूप पोहोचवायचा. पोतं दिलं की वाटेत फाडायचा. फायबर चॅनलवर हरवलेला तुकडा कुणी परत पाठवत नाही, त्यामुळं अख्खा हुकूमच वाया. आणि तपासनिसाची हाक? ती चिठ्ठीएवढीच. ‘तयार आहेस का?’ ‘आहे!’

मग चक्र कसं चाललं होतं पाहा. थेट गटातल्या दोन वाटांपैकी ही एक. तिच्यावर मोठं वाचन गेलं, तीस सेकंदांनी कर्नलनं हात टेकले, वाट ‘फेल्ड’ झाली, काम दुसऱ्या वाटेनं पार पडलं. तेवढ्यात तपासनीस आला, हाक घातली, ‘हजर’ ऐकलं आणि मोठ्या मनानं वाट पुन्हा सेवेत रुजू करून घेतली. की पुन्हा वाचन, पुन्हा तीस सेकंद. मी आधी सभ्यपणे हुकूम देऊन ती वाट ‘फेल’ केली. काही सेकंदांत तपासनिसानं ती जिवंत केली. मी पुन्हा मारली, त्यानं पुन्हा उठवली. मी पगारी माणूस, तो सॉफ्टवेअर. चिकाटीत कोण जिंकणार?

शेवटी उठलो आणि ती तार हातानं उपसून काढली.

डेटाबेस पळू लागला. एकही गोठण नाही. तीन वाटांवर तो जे करत होता ते चार वाटांवर त्याला जमत नव्हतं. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण आमच्या पूर्वजांनी फायबर चॅनल न पाहता रचली, हे त्यांचे थोर उपकार. मी रात्री दोनला चहा प्यायलो आणि घरी गेलो.

खरी मजा सकाळी. देखरेखीच्या पडद्यावर रात्रभर एक लाल दिवा लागलेला: ‘पाथची संख्या कमी झाली आहे.’ आता बघा, आदल्या रात्री ग्राहकाचं काम थांबत होतं तेव्हा सगळं हिरवं. काम सुरळीत सुरू झालं तेव्हा लाल. लाल दिवा पाहून वरिष्ठांचा फोन खाली, खालच्याचा त्याच्याही खाली, आणि एका कर्तव्यदक्ष गृहस्थानं जाऊन तार परत खोचली. चार वाटा. चारही हिरव्या. तिकीट बंद, शेरा: ‘रिझॉल्व्ह्ड’. दहाच्या ठोक्याला डेटाबेस पुन्हा गोठला. मला फोन. ‘साहेब, काल तुम्ही काहीतरी केलंत, त्यानंतर असं होतंय.’

यावर मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

औषध नाही असं नाही हं. आजारी वाट ओळखून तिला बाजूला बसवायची सोय मल्टिपाथमध्ये आहे. फक्त ती मुळात बंद असते. चालू करायची तर चार वेगवेगळे आकडे भरावे लागतात, चारही. एक राहिला तर सोय चालत नाही. त्यातला एक, नमुना तपासण्याचा काळ, किमान १२० सेकंद. त्या वित्तसंस्थेच्या कॉन्फिग फाइलमध्ये यातलं काही होतं का? नव्हतं. मग काय होतं? ‘आरआर-मिन-आयओ’ नावाचं सेटिंग, शंभर. ते का, असं विचारलं तर उत्तर: ‘बेस्ट प्रॅक्टिस’. कुणाची? माहीत नाही, आधीच्या प्रोजेक्टमधून आली. हे सेटिंग २००९ सालच्या २.६.३१ कर्नलपासून लिनक्स बघतच नाही. त्याच्या जागी दुसऱ्या नावाचं सेटिंग आलं. तरी ही ओळ फाइलमागून फाइलमध्ये उतरत राहते, पिढीजात. देव्हाऱ्यातला टाक कुणाचा ते आठवत नाही, पण पुसून ठेवायचा.

आणखी एक वाद आहे, फेलबॅकचा. मालकाची वाट दुरुस्त होऊन परत आली तर कामानं लगेच तिच्याकडं वळावं का? एक पंथ म्हणतो, इमिजिएट! वाट दिसली रे दिसली की उडी. वाट जर आत-बाहेर करणारी असेल तर कामही तिच्यामागं आत-बाहेर. त्यात दोन सर्व्हर एका लनवर आणि दोघांच्या नजरेत मालक कंट्रोलर वेगळा असेल, तर जुन्या धाटणीच्या पेट्यांवर मालकी चेंडूसारखी इकडून तिकडं. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं येरझाऱ्यानं. दुसरा पंथ मॅन्युअलवाला; लिनक्समध्ये काहीच लिहिलं नाही तर हाच लागू. वाट परत आली? येऊ द्या. कुणीतरी माणूस येईल, पाहील, ठरवेल. तो माणूस बदली होऊन गेलेला असतो. मधला रस्ता सोपा आहे: सेकंदांचा आकडा लिहा, तेवढा वेळ वाट टिकली तरच वळा. पण आकडा लिहायचा म्हणजे विचार करायचा, आणि विचाराचं कलम निविदेत नसतं.

आता सगळ्यात लाडकं पाखंड. चारही वाटा गेल्या तर? एक पर्याय, ताबडतोब ‘जमत नाही’ सांगा. मग स्विचनं दोन सेकंद डुलकी काढली तरी फाइलप्रणाली घाबरून स्वतःला फक्त वाचण्यापुरती करून घेते आणि सर्व्हर चालू असून निकामी. दुसरा पर्याय ‘क्यू’: वाट येईपर्यंत रांगेत थांबा. किती वेळ? अनंत. शब्दशः अनंत. रांगेत अडकलेली प्रक्रिया ‘डी’ अवस्थेत जाते. तिला मारायला लिनक्समधलं शेवटचं हत्यार, किल वजा नऊ, तेही बोथट. कुंभकर्णाला निदान सहा महिन्यांनी जाग यायची. शेजारी दुसरा सर्व्हर काम उचलायला हात चोळत उभा, पण पहिला ‘मेलो’ म्हणेल तर ना! तो म्हणतो, ‘आहे, जरा थांबलोय.’ हायली अव्हेलेबल.

आणि हा अनंतकाळ थांबलेला सर्व्हर, मंडळी, अपटाइममध्ये मोजला जातो. पिंगला उत्तर देतोय ना? झालं तर. पाच नव्वांचं वचन छापलेलं असतं: ९९.९९९ टक्के. वर्षाच्या हिशोबात बंद राहायला मुभा सव्वापाच मिनिटांची. माझ्या त्या आजारी एसएफपीचे तीस-तीस सेकंद मांडा. दहाव्या गोठणीला वर्षाचा शिधा संपत येतो, अकराव्या गोठणीला घरात दाणा नाही. त्या एका रात्रीत अकरा कधीच झाल्या होत्या. महिन्याच्या अहवालात काय आलं? शंभर टक्के. नऊसुद्धा नाहीत, थेट पूर्णब्रह्म.

इथंही शून्य आणि अनंत यांच्यामध्ये आकडा लिहिता येतो. बारा वेळा प्रयत्न, दर पाच सेकंदांनी, म्हणजे एक मिनिट. मग हात वर करा. पण आमच्या फाइलींमध्ये एके ठिकाणी ‘क्यू’ लिहिलेलं असतं, दुसऱ्या ओळीत ‘बारा’ लिहिलेलं असतं, आणि कुठली ओळ जिंकते यावर बैठक होते. (नो-पाथ-रिट्रायची ओळ जिंकते. बैठकीचा वेळ वाचला, चहा माझ्याकडून.)

वाटांच्या संख्येचा गर्व तर विचारू नका. चार होत्या, आठ केल्या, आता सोळा. ऑडिटवाला येतो, ओळी मोजतो, खूण करतो. त्या सोळा वाटा सर्व्हरच्या एकाच कार्डाच्या दोन पोर्टांतून निघतात, हे तो विचारत नाही. दोन्ही स्विचच्या तारा एकाच ट्रेमधून जातात, हेही नाही. मुंबई-पुणे प्रवासात जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग असे दोन पर्याय आहेत म्हणून खूश व्हायचं, आणि बोरघाटात दोन्हींची वाहनं एकाच पट्ट्यात कोंबलेली पाहायची, हे ज्यानं भोगलं आहे त्याला एवढं तरी सुचायला हवं होतं. एका आडाला सोळा रहाट लावले म्हणून पाणी सोळा पट होत नाही, आणि आड आटला तर सोळाही रहाट मोठ्या डौलात कोरडे फिरतात. ॲक्टिव्ह, रेडी, रनिंग.

मला कुणी म्हणेल, अहो, इतकं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय, त्याला नावं काय ठेवता? सॉफ्टवेअरला मी नावं ठेवतच नाही. ते बिचारं प्रामाणिक आहे. मेला, बिघडला, धावतोय, असं तिन्ही खात्यांचं म्हणणं जसंच्या तसं ओळीनं लिहून दाखवतं. त्या ओळीतला सोयीचा एक शब्द उचलून त्याला हिरवा रंग देणारे हात माणसांचे आहेत.

तेव्हा तुमच्याकडं असं कपाट असेल, तर एक करा. रविवारी पहाटे, काम कमी असताना, रीतसर लेखी परवानगी घेऊन, डेटाबेसवर थोडं खोटं ओझं चढवून, एक तार स्वतः उपसा. हातात घड्याळ ठेवा. डेटाबेस किती सेकंद गोठला तो आकडा चिकटपट्टीवर लिहून कपाटाच्या दारावर डकवा. मग तार परत लावा आणि काम मूळ वाटेवर कधी परततं तेही लिहा. परतलं नाही, तर ‘परतलं नाही’ असं लिहा. हिरवा अहवाल सही करून देणाऱ्या साहेबांना त्या दारापाशी बोलवा आणि त्या दोन आकड्यांखालीही सही मागा.